‘भाव नाय’ म्हणजे भंगार नव्हे

यंदा अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भांडुपच्या एका चाळीतून पोलिसांनी सत्तरी ओलांडलेल्या एका माणसाला, अख्ख्या मजल्याच्या देखत, जीपमध्ये बसवून नेलं. आरोप असा, की त्याने चालू रायफल भंगार म्हणून गोदामाबाहेर काढली आणि गावी पळून गेला. आरोप खोटा आहे. हे मला माहीत आहे, आणि हे पत्रक हातात घेतलेल्या तुमच्यापैकी काही जणांनाही माहीत आहे.

त्यांचं नाव लिहीत नाही, घरच्यांनी नको म्हटलंय. गोरेगावच्या त्या गोदामात सगळे त्यांना हवालदार म्हणायचे. तुम्ही त्यांना पाहिलंय. समोर कुठलीही बंदूक आली, की आधी ते तिचा बोल्ट मागे ओढायचे आणि गोळी नाही ना, ते बघायला करंगळी आत घालायचे. लाकडी खेळण्यातली बंदूकसुद्धा यातून सुटायची नाही. कोणी हसलं की म्हणायचे, “रिकामी दिसता म्हणान रिकामी आसताच असा नाय.”

हवालदार सैन्यात बंदुका दुरुस्त करायचे. उभ्या नोकरीत माणसावर एकदाही नेम धरला नाही, हे ते जरा खालच्या आवाजात सांगायचे, जणू काही कमीच पडलं. ते गोदाम शूटिंगला पालख्या, टेलिफोन, तलवारी भाड्याने देतं. सैन्याने कधीच्या टाकून दिलेल्या, नळी बुजवून निकाम्या केलेल्या जुन्या रायफलीही तिथे येतात. त्यांना तिथे ‘मेलेल्या’ म्हणतात. त्या पुढे विकायच्या झाल्या, की भाव लावायला हवालदार.

मी सेटवरच्या कामगारांची पत्रकं वाटत त्या गल्लीत फिरते, म्हणून आमची ओळख. माझं पहिलं पत्रक त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, “गे बाय, कागद बरो आसा. चण्यांका चलात.” मी चिडले. मग त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

त्यांचं भाव लावणं म्हणजे सोयरीक जमवणं. रायफलीच्या अंगावर एक नंबर असतो, बोल्टवर एक. दोन्ही जुळले तर म्हणायचे, “नवरा-बायको येकाच घरातली.” नाही जुळले तर, “दुसरेपणाची हा, भाव उतारलो.” दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असेल तर त्यावरून हात फिरवायचे. सेटवाल्यांनी वर काळा रंग फासला असेल तर मात्र पारा चढायचा. “कोणी रे मेल्या, हिच्या थोबाडाक काजळ लावल्यान?” मेलेल्या बंदुकांशी माणसासारखं बोलायचे आणि जिवंत माणसांना मेल्या म्हणायचे. रंगवणारा लपून बसायचा.

गणपतीच्या आधी एक मोठा ढीग आला. एका मालिकेवाल्याला सगळाच विकत हवा होता. हवालदार गोणपाटावर बसले. मी चहा घेत दाराशी होते. ते एकेका नळीत सळी घालत होते. मेलेल्या बंदुकीत सळी मध्येच अडते, कारण आत लोखंड भरलेलं असतं. अडली की भाव सांगायचे, पुढची घ्यायचे. गोदामाचा मॅनेजर फोन कानाला लावून येरझारा घालत होता. “काका, फटाफट बोला ना, पार्टी लाइनवर आहे.”

एका रायफलीत सळी अडली नाही. या टोकाने घातली, त्या टोकाने बाहेर आली.

हवालदारांनी ती परत घातली. परत आरपार. त्यांनी रायफल हळूच बाजूला ठेवली, तिचं तोंड भिंतीकडे केलं आणि आम्हा सगळ्यांना हाताने मागे सारलं. मग म्हणाले, “हिका भाव नाय. ही मेलेली नाय. हिका चौकीर न्हेवक व्हयी.”

मॅनेजरने ऐकलं ते एवढंच, ‘भाव नाय’. तो फोनवर ओरडला, “एक पीस का रेट नहीं है, कबाड़ है, बाकी सब ले लो.” त्याला मालवणी कळत नाही, आणि कान फोनला होता. जे विकायचं नाही, पोलीस चौकीत न्यायचं आहे, त्याला भाव नाही, असं हवालदार म्हणत होते. ज्याला काही मोल नाही ते भंगार, असं तो समजला. चूक झाली. चूक मी माफ करते.

हवालदारांनी त्या रायफलीला सुतळी बांधली, “इसरा नको हां” असं बजावलं, मॅनेजर “हो हो” म्हणाला, आणि ते गणपतीला गावी गेले. कोकणातला माणूस दरवर्षी जातो तसे. गौरी-गणपती आटोपून परतले, तेव्हा आल्या आल्या विचारलं, “ती खंय?”

“गेली, काका.”

गेली म्हणजे चौकीत गेली, असं ते समजले. मोकळे हसले. मॅनेजरला घरचे मोदक दिले. ती भंगारवाल्याच्या टेम्पोतून गेली होती. भंगारवाल्याला शंका आली, त्यानेच पोलिसांना कळवलं. मग मात्र मॅनेजरने आपली चूक कबूल केली नाही. तो म्हणाला, “म्हाताऱ्यानेच भंगार सांगितलं. सांगून गावी पळाला.”

गणपतीला गावी गेलेल्या मालवणी माणसाला फरार म्हणतात! मग त्या आठवड्यात अर्धं भांडुप फरार होतं.

मी पोलीस ठाण्यात जबाब द्यायला गेले. साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही संघटनेच्या. याच मालकाविरुद्ध तुमची पत्रकं आहेत. तुमचं काय धरायचं? दुसरं कोणी आणा.”

हवालदार जामिनावर घरी आहेत. दर सोमवारी हजेरी. दिवाळीत मी गेले होते. दरवर्षी मजल्यावरची पोरं आपापली टिकल्यांची पिस्तुलं घेऊन त्यांच्या दारात रांग लावायची आणि ते एकेकाचा घोडा नीट करून द्यायचे. यंदा त्यांनी पेचकस, तेलाची बाटली मांडून ठेवली होती. दार उघडं होतं. कोणी आलं नाही. “पोरां गावाक गेली आसतीत,” ते मला म्हणाले. खाली अंगणात टिकल्या फुटत होत्या.

आरोपपत्र अजून दाखल झालेलं नाही. म्हणून आता थेट तुम्हाला विचारते. कपडेपटातल्या दोघी, त्या दिवशी तुम्ही तिथेच साड्यांना इस्त्री करत होतात. सुतारदादा, चौकीचं नाव ऐकून तुम्ही म्हणालात, “हवालदार, शाल-नारळ मिळेल तुम्हाला,” आणि आपण सगळे हसलो. तो ढीग घेऊन आलेले टेम्पोवाले, हवालदारांनी हाताने मागे सारलं तेव्हा तुमच्या पायावर माझा चहा सांडला. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. मालक काम बंद करील, ही भीती खोटी नाही. मी ती खोटी म्हणणार नाही. पण तुम्ही गप्प राहिलात, तर ज्याने आपल्याला त्या नळीपासून मागे सारलं तोच तुरुंगात जाईल.

येत्या सोमवारी ते हजेरीला येतील तेव्हा तुम्हीही पोलीस ठाण्यात या. ‘भाव नाय’च्या पुढे ते काय म्हणाले, ते सांगा आणि खाली सही करा.