हजार फुटाचं दुकान

आमचे हे, म्हणजे नत्थूजी. हो, नाव घेते, रागातच घेते! या माणसाले टीव्हीवरची बातमी म्हणजे घरी आलेला हुकूम वाटते. प्लास्टिकच्या पन्नीवर बंदी आली तं आमच्या नंदनवन वस्तीतल्या किराणावाल्यायनं पन्न्या टेबलाखाली सरकवल्या अन् धंदा सुरू ठेवला. यायनं मात्र सगळा गठ्ठा कचरागाडीत टाकला अन् कागदाच्या पुड्यात डाळ बांधत बसले. मी चंद्रकला, यायची बायको. इतकी वर्षं संसार केला, म्हणून बोलून राहिली.

आम्ही कोष्टी. यायनं तरुणपणी माझ्या सासऱ्याच्या मागावर लुगडी विणली. माग बंद पडला तं घराच्या पुढच्या खोलीत किराणा टाकला. सुपारीचं खांडही तोंडात घालत नाही हा माणूस. दुकान छोटंसं, पण गल्लीतल्या बायांच्या भरवशावर मस्त चाले. इकडे कढईत तेल तापलं तरी बाई जिऱ्यासाठी आमच्याकडे पळत ये.

मंग बावीस साल आलं. चौकात मोठं मार्ट झालं होतं, त्याची यायले धास्ती. त्यात बातमी आली, हजार फुटाच्या वर दुकान असलं तं त्यात वाईन विकता येईल.

"चंद्रकला, आपलं दुकान हजार फुटाचं करू."

"अहो, आधी कागद तं हाती येऊ द्या!"

"निर्णय झाला ना! दाखवून राहिले टीव्हीवर."

झालं! मिस्त्री आला, भिंती पडल्या. बैठक गेली, स्वयंपाकघर गेलं, सासऱ्याच्या मागाची खोलीही गेली. बिऱ्हाड गच्चीवर टिनाखाली. नागपूरचा मे महिना अन् डोक्यावर टीन! बाप्पा, पोळ्या लाटता लाटता मले चक्कर ये, अन् हे खाली टेप धरून फूट मोजून राहिले.

तिकडे लोकायनं आरडाओरडा केला, सरकारनं हरकती मागवल्या, अन् निर्णय जो लटकला तो लटकलाच. धड हो नाही, धड नाही नाही. हे ऑफिसात चकरा मारत. साहेब म्हणे, "वरून काही आलं नाही. आलं की कळेल."

गल्लीत मात्र लगेच कळलं, नत्थूजी दारू विकणार! भजनी मंडळाची यमुताई माझी जिवाभावाची मैत्रीण. तिनंच दारोदार सांगितलं, "त्यायच्याकडे लेकरायले दूध आणाले पाठवू नका वं." एक थेंब विकला नाही आम्ही, अन् नाव झालं दारूवाल्याचं! जिऱ्यासाठी पळत येणाऱ्या बाया मार्टात जाऊ लागल्या. एवढ्या मोठ्या दुकानात हे दिवसभर एकटे बसून. मले सरकारचा राग ये, यमुताईचा ये, अन् सगळ्यात जास्त यायचाच ये. बाया परतल्या नाही तं दुकान बंदच करावं लागणार होतं.

मागच्या महिन्यात भर दुपारी यमुताई दुकानात शिरताना दिसली. मी धावतच खाली आली. सारा राग विसरली. हे एक गिऱ्हाईक परतलं म्हणजे बाकीच्या बाया आपोआप येतील, असं वाटून डोळ्यात पाणीच आलं माझ्या. तिनं पदर सारखा केला, रस्त्याकडे पाहिलं अन् हळूच म्हणाली, "भाऊ, पुण्याचे जवाई आले आहेत. त्यायले जेवणाआधी थोडी वाईन लागते म्हणे. एक बाटली द्या ना, पेपरात गुंडाळून."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात यायनं हात जोडले. "ताई, परवानगी नाही आली अजून. आली की पहिली बाटली तुमची."

"अजून नाही आली? मंग भिंती कायले पाडल्या?" यमुताई करवादली अन् पायऱ्या उतरली.

"अवं, साखर तरी घेऊन जा!" मी ओरडली.

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. सरळ चौकाकडे निघाली. अन् आमचे हे? हे माझ्याकडे पाहून खुशीत म्हणतात, "पाहिलं ना चंद्रकला, मागणी तं हाये."