मशेरीची डबी

आई सकाळी शेळ्या सोडताना डोकं धरून खाली बसली आणि तिथंच आडवी झाली. दौलताबादहून तिला शहरातल्या दवाखान्यात आणेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटला होता. डॉक्टरांनी जांघेतून तार घालून तो बंद केला. मला वाटलं, सुटलो.

"खरी भीती आता आहे," डॉक्टर म्हणाले. "आत रक्त सांडलंय, त्यामुळं पुढचे काही दिवस मेंदूच्या शिरा आवळू शकतात. मग एखादा हात जातो, बोलणं जातं, कधी माणूसही जातो." धोका कुणाला जास्त, तेही त्यांनी सांगितलं. रक्त जास्त सांडलेलं असेल, बीपी जुनं असेल, तंबाखूची सवय असेल, त्यांना. मग अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारलं, "यांना व्यसन काही?"

"नाय हो साहेब. चहा तेवढा लई लागतो तिला."

अण्णा खोटं बोलत नव्हते. आमच्याकडं बायका तव्यावर तंबाखू भाजून तिच्या पुडीनं दात घासतात, आणि त्या मशेरीला व्यसन कुणीच म्हणत नाही. आई तर इतक्यांदा घासायची की मी तिला चिडवायचे, एवढं घासून दात उरलेत किती? बीपीची गोळीही ती डोकं दुखलं तरच घ्यायची. मी दोन्ही सांगून टाकलं.

"आगं, मशेरी कसलं येसन?" अण्णा चिडले. मीही सगळ्यांसमोर त्यांच्यावर खेकसले.

त्यानंतर भेटायला सोडलं की मी आईला दोन्ही हात उचलायला लावायचे, तिचं नाव विचारायचे. "येडी झाली का गं तू?" ती म्हणायची, आणि मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

मग एका दुपारी ती बोलेना. नुसती बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं दातांवरून बोट फिरवलं.

अण्णांना हसू आलं. "बघ, मशेरी मागती. बरी हाय ती." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून डबीच काढली. घरून लपवून आणली होती.

मला हसू येईना. आई जन्मभर उजव्या हातानं दात घासत आली. हे बोट डाव्या हाताचं होतं. उजवा हात चादरीवर तसाच पडून होता.

सिस्टरना हाका मारत मी दाराकडं धावले.