साडूंची माचिस

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून हे लिहिताना मीच जरा भितोय. ते कुत्र्याला भीत, एस्टीला भीत. पण खरी धास्ती आगीची. स्वयंपाक उरकला की चुलीत तांब्याभर पाणी ओतायचे आणि वर राखेत हात घालून बघायचे. होळीला सारं गाव बोंबा मारायचं, हे दोन घागरी भरून उभे. मेहुणी म्हणायची, "लग्नात होमापुढं बसले हेच लई झालं!"

नव्वदच्या आसपास हसनाबादकडच्या त्यांच्या गावानं उघडीबोडकी टेकडी राखायला घेतली. पाऊस दरसाल हुलकावणी देऊ लागला होता. आपल्या मातीतली झाडं परत आली तर पाणी टिकेल, एवढीच आशा. चराई बंद, कुऱ्हाड बंद. पळस, हिवर, बोर लागली, गवत कमरेइतकं झालं आणि साडूंची झोप उडाली. वाळलं गवत, एक ठिणगी, की सगळ्यांच्या मेहनतीची राख! ते पायथ्याच्या दगडावर बसून वर जाणाऱ्यांचे खिसे तपासू लागले. मी बिडी ओढणारा, त्यामुळं माझ्यावर विशेष लोभ. "पाव्हणं, माचिस काढा. साडू बघून वणवा थांबत न्हाई." माचिस लगेच घागरीत बुडायची.

एका चैत्रात मी त्यांच्याकडं मुक्कामाला असताना भर दुपारी पलीकडच्या उतारावर धूर दिसला. वारा आमच्याकडंच. वणवा पोचायच्या आत मधला गवताचा पट्टा आपणच जाळायचा, म्हणजे पुढं त्याला खायला काही उरत नाही. दुसरा इलाज नव्हता. आम्ही पंधरावीस जण वर धावलो, आणि एकाजवळ काडी असेल तर शपथ! गावातून आणायला वेळ नव्हता. तेवढ्यात साडूंनी बंडीच्या आतल्या खिशातून कोरडी माचिस काढली. ओशाळून म्हणाले, "अंधाराचं भ्या वाटतं. म्हून एक ठुली व्हती."

पट्टा नेमका त्यांनी घागरी वाहून जगवलेल्या पळसांतून जाणार होता. दोन काड्या हातातच मोडल्या. "द्या, मी लावतो," मी म्हणालो. "न्हाई. झाडं माझी हायेत." तिसरी पेटली. पळस गेले, टेकडी वाचली.

पावसाळ्यात ते पळस बुडातून पुन्हा फुटले. साडूंना दाखवायला नेलं, तर कोवळ्या पानाजवळ बोट नेऊन थांबले. "पाव्हणं, गरम न्हाई ना?"

साडू जाऊन बरीच वर्षं झाली. टेकडी आता दाट आहे, गवत तसंच वाळतं. पायथ्याशी माचिस मागणारं कुणी नाही. मी आपली माचिस त्या दगडावर ठेवतो आणि मागून येणाऱ्यांच्या खिशांकडं बघत बसतो. फार भीती वाटते हो.