चमचा थांबला की

नातवंडांपुढे मिरवणारी ही आजी वीस वर्षांपूर्वी किती दीडशहाणी डॉक्टर होती, सांगते. दम्याच्या औषधाच्या चाचणीत चार पेशंट पुढच्या तपासणीला परत आलेच नाहीत. मी नोंदवहीत त्यांच्या नंबरांपुढे खुशाल 'बरा', 'बरी' लिहून टाकलं.

चाचण्यांची आखणी शिकवणारे आमचे सर इंटरनेटवरच भेटायचे. चेहरा कधी दिसला नाही. फक्त आवाज आणि चहात फिरणारा चमचा. चूक सापडली की चमचा थांबायचा. मी माझ्या नोंदी वाचून दाखवल्या, त्या दिवशी थांबला.

"न आलेले कुठे गेले, डॉक्टरबाई?"

"बरे झाले असतील, सर."

"विचारलंत?"

मी पेठ तालुक्यातल्या त्यांच्या पाड्यांवर गेले. तिघं द्राक्षांच्या कामाला गेले होते. चौथी धाप लागून वारली होती.

पुढच्या तासाला सांगितलं. चमचा वाजलाच नाही. मग सर म्हणाले, "तिच्या नंबरापुढचं 'बरी' एकाच रेघेनं खोडा. खालची चूक वाचता आली पाहिजे."