फॉर्मवरचा नंबर

मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर, गॅस एजन्सीत, दातांच्या डॉक्टरांकडे, सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत, सगळीकडे माझाच मोबाइल नंबर होता. कुणी तसं ठरवलं नव्हतं. घरात पहिला मोबाइल माझ्याकडे आला आणि त्या कौतुकात मी जिथे रिकामी चौकट दिसेल तिथे तो नंबर लिहीत गेलो. पुढे बायकोनंही मोबाइल घेतला, पण तोवर घराचा नंबर म्हणजे माझा नंबर हे पक्कं झालं होतं.

फॉर्म हे माझं पोटापाण्याचं कामही होतं. हिंजवडीच्या एका कंपनीत मी अमेरिकेतल्या विमावाल्यांसाठी फॉर्म बनवायचो. फोन नंबरच्या चौकटीत दहा आकडे आहेत की नाहीत, हे तपासणारा प्रोग्रॅम माझा. ते आकडे योग्य माणसाचे आहेत की नाहीत, हे तपासायला मला कुणी सांगितलं नाही आणि मलाही ते कधी सुचलं नाही.

चाळिशी उलटली, साखरेचा रिपोर्ट आला आणि मी पळायला लागलो. त्या वर्षी आमच्या ऑफिसातला निम्मा मजला पळत होता. आधी दहा किलोमीटर, मग एकवीस, मग बेचाळीस. मग पुण्यातले रस्ते पुरेनात म्हणून दुसऱ्याच्या गावी जाऊन, वर तिथल्या हॉटेलचं भाडं भरून पळणं सुरू झालं. सुरुवातीला आम्ही तिघंही जायचो. मी पळायचो आणि त्या दोघी शेवटच्या रेषेपाशी उभ्या राहायच्या. मुलगी कार्डशीटवर स्केचपेननं 'बाबा पळ' लिहून आणायची. बायको नारायण पेठेतली, टाळ्या वाजवणाऱ्यांतली नव्हे. "आलास? बरं झालं. आम्ही तुझ्यावाचून कसं निभावायचं ते ठरवत होतो," असं म्हणत ती केळं सोलून माझ्या हातात ठेवायची. ते केळं खाताना मला जे वाटायचं, त्याला सुख म्हणतात हे मला तेव्हा कळलं नाही.

मुलगी पाचवीत असताना खेळाच्या तासाला जिन्यावरून पडली. दुपारची वेळ होती. मी ऑफिसच्या जिममध्ये पट्ट्यावर पळत होतो आणि मोबाइल कपड्यांबरोबर लॉकरमध्ये होता. शाळेनं मला फोन केले, पुन्हा पुन्हा केले. पोरगी शाळेच्या ऑफिसात बाकावर, मनगटाला लाकडी फूटपट्टी बांधून, जवळजवळ दोन तास बसून होती. तिची आई तिथून चालत दहा मिनिटांवर, एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारत होती. तिला कुणी कळवलं नाही. पोरीनं आईचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला, पण ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, फॉर्मवर आहे त्याच नंबरवर करावा लागतो. मी फोन पाहिला, गाडी काढली, वाकडच्या पुलापाशी अडकलो आणि पोचलो तेव्हा शाळा सुटून गेली होती. पोरगी रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "बाबा, तुझे किती किलोमीटर झाले?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून घरी आल्यावर बायकोनं आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं फक्त सांगितलं, "सगळीकडचे नंबर बदल. माझा घाल."

"तूच बदल ना, तुला तर रस्त्यातच पडतं सगळं," मी म्हणालो. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

"मी बदलू शकते. पण तू तुझ्या हातानं बदल," ती म्हणाली.

शाळेचा नंबर मी दुसऱ्याच दिवशी जाऊन बदलला. बाकीचे 'करतो' म्हणालो. दोन-तीन महिन्यांनी तिनं विचारलं, "झाले का सगळे?" मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणालो, "झाले." खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. शनिवारी करून टाकू, मग ते खरंच होईल, असा हिशेब होता. शनिवारी मी सिंहगडाचा चढ पळत होतो.

त्या हिवाळ्यात दक्षिण गोव्यातल्या एका शर्यतीसाठी मी नाव दिलं आणि तिघांसाठी खोली घेतली, समुद्र दिसणारी. बायकोला वाटलं तर वाटो, की आपण माफी मागतोय. जायच्या आठवड्यात तिनं भाजी निवडता निवडता सांगितलं, "आम्ही येत नाही. तू ये पळून. आम्ही दोघी आईकडे राहतो."

"रविवारपर्यंत?"

"बघू."

आमचा प्रेमविवाह. मला गावाहून शहरात येऊन पंधरा वर्षंही झाली नसतील, आणि तिच्या माहेरी पानात मीठ कुठे वाढायचं यावरही मत असतं. बायको त्या घरातून भांडून माझ्याकडे आली होती. ती पुन्हा त्या घरात राहायला जाते म्हणजे काय, हे मला न सांगता कळलं. मी सरळ विचारलं, "परत येणार आहेस ना?"

तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "खरं सांगू? मला माहीत नाही. तुझ्या आयुष्यात आम्ही कुठेतरी आहोत का, हेच मला दिसत नाही."

तेव्हा मी तिला त्या मेसेजचं सांगितलं. नवीनच सोय होती. पळणाऱ्याच्या छातीवरच्या नंबरामागे एक चिप चिकटवलेली असते. रस्त्यात ठरावीक ठिकाणी रबरी चटया अंथरलेल्या असतात. चटईवर पाय पडला की घरच्या माणसाच्या मोबाइलवर मेसेज जातो. दहाला एक, एकविसाला एक, तिसाला एक आणि शेवटच्या रेषेवर एक. "मी फॉर्मवर तुझा नंबर दिलाय," मी म्हणालो. "प्रत्येक मेसेजला समज, मी तुझी आठवण काढली."

ती थोडं हसली. त्या हसण्यावर मी पुढचे चार दिवस काढले. "ठीक आहे," ती म्हणाली. "शेवटचा मेसेज आला की मी तुला फोन करीन. मग परत यायचं बोलू. नाही आला, तर समजेन अजून पळतोयस." आणि माहेरी न्यायच्या पिशवीत तिनं आठवणीनं मोबाइलचा चार्जर टाकला. तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

शनिवारी सकाळच्या बसनं निघालो. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावर मी बुटांची पिशवी ठेवली. कराड सोडल्यावर वडिलांचा फोन आला. ते गावातल्या घरीच राहतात.

"समदी चालला हायसा न्हवं?"

"होय."

"पोरीला दर्याच्या पान्यात एकटी सोडू नगं."

"नाही सोडत," मी म्हणालो आणि खिडकीतून उसाकडे बघत बसलो. वडिलांशी खोटं बोलण्याची लाज वाटली, पण रविवारनंतर हेही खरंच होऊन जाईल असं वाटलं. हा माझा जुना रोग.

हॉटेलवाल्यानं तीन माणसांच्या खोलीत तीन टॉवेल आणि लहान मुलांसाठी एक वाळूची बादली ठेवली होती. रात्री लवकर झोपलो.

पहाटे सामानाच्या काउंटरवर पिशवी दिली, मोबाइल त्या पिशवीतच ठेवला आणि पळायला लागलो. दहाची चटई आली तेव्हा उजाडत होतं. बाकीचे तिच्यावरून भरकन निघून गेले. मी मात्र वेग कमी केला, नीट दोन्ही पाय टेकवले आणि मगच पुढे गेलो, उगाच चिपनं घोळ नको घालायला. पुढचे कितीतरी किलोमीटर मला नारायण पेठेतलं ते स्वयंपाकघर दिसत होतं. टेबलावर पोह्यांच्या बशीशेजारी तिचा मोबाइल थरथरतोय, सासूबाई भुवया उंचावतायत आणि ती म्हणतेय, "काही नाही, पळतोय." एकविसाच्या चटईवर मी मनातल्या मनात 'चुकलो' म्हणालो. मोठ्यानंही म्हटलं असेन, कारण शेजारून जाणाऱ्या बाईनं वळून पाहिलं.

तिसाच्या अलीकडे पोटऱ्यांत गोळे आले. ऊन चढलं होतं. रस्त्याच्या कडेला रुग्णवाहिका उभी होती आणि तिच्यातला माणूस, बसा म्हणत होता. एरवी मी बसलो असतो. पण बसलो की मेसेज बंद, आणि मेसेज बंद म्हणजे अजून पळतोयस. मी चालत निघालो. शेवटचे बारा किलोमीटर मी पळालो असं म्हणवत नाही. नारळाच्या झावळ्या गोळा करणाऱ्या म्हाताऱ्या माझ्यापेक्षा जोरात चालत होत्या. इतक्या मनापासून मी त्या दोघींसाठी कधीच काही केलं नव्हतं. जे केलं तेही असं, त्या जिथे नाहीत तिथे.

शेवटच्या चटईवरही दोन्ही पाय टेकवून उभा राहिलो. गळ्यात पदक घालणाऱ्या मुलीनं पुठ्ठ्याची मोठी चौकट दाखवून विचारलं, "सर, फॅमिली फोटो?" मी म्हटलं, फॅमिलीचा फोन यायचाय. तिला काही कळलं नाही, तरी ती छान हसली.

पिशवी घेतली आणि सावलीत बसून मोबाइल काढला. चार मेसेज होते. मला हुंदकाच आला. तिनं प्रत्येक चटईला उत्तर पाठवलं, असंच मला वाटलं. चष्मा नव्हता, म्हणून फोन लांब धरून पहिला उघडला. इंग्रजीत होता. त्याचा अर्थ असा: प्रिय कुटुंबीय, आपल्या माणसाने दहा किलोमीटर पूर्ण केले आहेत, त्यांना प्रोत्साहन द्या. दुसरा, आपल्या माणसाने एकवीस. तिसरा. चौथ्यात अभिनंदन होतं.

मी तो फॉर्म भरल्याचा दिवस आठवायचा प्रयत्न केला. जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून भरला होता. 'कुटुंबीयांचा मोबाइल' अशी चौकट आली. मी पहिला आकडा दाबला आणि उरलेले नऊ कम्प्युटरनं आपणहून भरले, त्याला सवय होती. दहा आकडे बरोबर झाले म्हणून चौकट हिरवी झाली. मी पोळीचा घास तोंडात घातला आणि पुढे गेलो.

तासभर मी तिथेच बसून होतो. आजूबाजूला लोक बायकापोरांना पदकं चावायला देत फोटो काढत होते. तिचा फोन येणार नव्हता. काय म्हणून येईल? शेवटी बाराच्या सुमाराला मीच लावला. मुलीनं उचलला.

"बाबा, तू अजून पळतोयस?"

"नाही गं. झालं माझं."

"पण मेसेजच नाही आला. आम्ही सकाळपासून फोन टेबलावर ठेवलाय. आईनं आंघोळीला जाताना माझ्याकडे दिला होता, बघत राहा म्हणून."

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. आणखी काय जाणार होतं? तरी मी म्हणालो, "इथे नेटवर्कचा घोळ झालाय. कुणालाच गेले नाहीत मेसेज. सांग आईला."

पोरीनं ते तसंच मोठ्यानं आईला सांगितलं. पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग बायकोचा आवाज, लांबून, अगदी साधा, चिडलेला नव्हे. "नंबर कुणाचा दिला होता, विचार."

मला स्वच्छ ऐकू आलं. पोरीलाही माहीत होतं, की मला ऐकू आलंय. ती थांबली. मीही थांबलो. मग ती आईला म्हणाली, "आई, त्याला काही ऐकू येत नाहीये. रेंज गेली वाटतं." आणि तिनं फोन ठेवला. अकरा वर्षांची पोरगी, बापाला सांभाळून घ्यायला शिकली होती.

सोमवारी घरी आलो तेव्हा दाराला कुलूप होतं आणि किल्ली वॉचमनकडे होती. मी सुट्टी घेतली आणि दोन दिवसांत एकूण एक नंबर बदलले. गॅस, दातांचे डॉक्टर, सोसायटीची वही. स्वतःच्या हातानं, तिचा नंबर, एकेक आकडा वाचून.

महिन्याभरानं दारावर गॅसवाला आला. सिलिंडर खांद्यावरून उतरवून, घाम पुसत तो कुरकुरला, "साहेब, नंबर तरी बरोबर द्या. फोन केला तर मॅडम म्हणाल्या, आम्ही तिथे राहत नाही."