दोनशे सोळा ठोकळे

लांजीहून मला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मी अकरावीत होते. मी पसंत पडले असते तर माघातच लग्न, आणि तेव्हा अकरावीलाच असणारी, मार्चमधली बोर्डाची परीक्षा गेली चुलीत. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वाईट फक्त मला वाटत होतं.

बालाघाट शहरातलं आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या दाराशी पाहुणे बसलेले, आतल्या दारात आई उभी, आणि मधे सतरंजीवर मी. उठून जायचं म्हटलं तरी वाट नव्हती.

मुलगा मान खाली घालून पोहे खात होता. प्रश्न विचारायचं काम त्याच्या मोठ्या काकांकडे. ते निवृत्त मास्तर. स्वयंपाक झाला, शिवण झालं, मग म्हणाले, "सांग पोरी, एक फूट लांब, तेवढीच रुंद अन् तेवढीच उंच पेटी हाये. तिच्यात दोन-दोन इंचाचे ठोकळे किती मावतीन?"

नेमकं माझ्या आवडीचं गणित! ओल्या मातीचे ठोकळे वाळवून, थरावर थर रचून मी ते कधीच पक्कं केलं होतं. एका ओळीत सहा, अशा सहा ओळींचा एक थर, असे सहा थर. उत्तर ओठांवर होतं. पण वाटलं, मठ्ठ मुलगी मास्तरांच्या घरात कोण नेणार? सुटायची तेवढीच एक फट दिसत होती.

"सहा," मी म्हणाले.

बाबांचा चेहरा पडला. "अवं, असं काहून सांगून राह्यली? तुले तं येते ना!" माझ्या मार्कांचं कौतुक ते चारचौघांत करायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका मात्र हसले. "राहू द्या हो. आमाले कुठं तिच्याकडून हिशेब लिहून घ्याचा हाये? मुलगी पसंत हाये."

माझं डोकंच सणकलं. खोटं उत्तर देऊनही नकार मिळत नसेल, तर मठ्ठपणाचा शिक्का मी कशाला सोसू? "दोनशे सोळा!" मी जवळजवळ ओरडलेच. ओळी, थर, सगळं घडाघडा सांगून टाकलं. असल्या तोंडाळ मुलीला तरी नको म्हणतील, असं वाटलं.

"अरे वा!" काका बाबांकडे वळले. "मंग तं बेसच झालं. ही पोट्ट्यायचा अभ्यासही घेईन."

बाबा खुलले. आईनं साखर आणली, आधी पाहुण्यांच्या आणि मग माझ्या हातावर ठेवली. सगळे माझ्याकडे पाहत होते. घामानं ती मुठीत चिकट होत गेली. तोंडात घालवेना आणि टाकताही येईना.