माडीचं गवत

सोनगडला जायचं ठरलं सरकारी कामासाठी, पण माझ्या एका फुशारकीमुळे घरात त्याची सहल झाली. बडोदे सरकारच्या पागेच्या कचेरीत मी कुरणांचे कागद पाहतो. सोनगडपलीकडच्या डोंगरावर चार शिंगांचं हरीण असतं, असं एका जुन्या कागदात वाचलं होतं, आणि सासुरवाडीच्या पंगतीत ते मी स्वतः पाहिल्यासारखं रंगवून सांगितलं होतं. बायको म्हणाली, "आता जाताच आहात, तर मलाही दाखवा तो चौशिंगा."

पहाटेच मांडवीवरून स्टेशनापर्यंत टांगा केला. सुरतेला गाडी बदलावी लागते. मधल्या वेळात तिथली तुपाने थबथबलेली घारी जरूर खा, पण एकच, कारण पुढे बैलगाडी आहे. सोनगड स्टेशनाबाहेर गाडीवान रुपया मागतात आणि बारा आण्यांना येतात. अंथरूण, तांब्या आणि दशम्या घरूनच न्या. सागाच्या जंगलातून रस्ता सुरेख आहे, हाडं मात्र खिळखिळी होतात.

माझ्या पिशवीत अभिप्राय तयारच होता. एक डोंगर सहा वर्षांपूर्वी गुरांना चरायला खुला झाला होता. आता पलीकडचाही खुला करावा, असा गुरंवाल्यांचा अर्ज होता. "हरकत नाही" असं मी बडोद्यातच लिहून टाकलं होतं. डोंगर बघणं हा नुसता उपचार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरणाचा राखणदार सिंगाभाई आम्हाला आधी खुल्या झालेल्या डोंगरावर घेऊन गेला. साठीचा माणूस, पण चढणीवर आमच्यासाठी थांबत थांबत चालला. कागदावर या माळाचं वर्णन 'पुरुषभर गवत' असं होतं. वर पोचलो तर पायाखाली खरवडलेली जमीन, शेण, खुरांच्या वाटा आणि गुरं तोंड लावत नाहीत ते तरवडाचं रान. झऱ्याच्या डबक्यात म्हशी बसल्या होत्या. पाणी दिसतच नव्हतं.

"आणि चौशिंगा?" बायकोने विचारलं.

"होता, बेन," सिंगाभाई म्हणाला. आम्ही गुजरातीतच बोलत होतो. "हा वरचा तुकडा आम्ही कधी कापत नव्हतो. माडीचं गवत म्हणायचो, देवीचं. मादी त्यात पिल्लू लपवून चरायला जायची. मग म्हशी आल्या. दोन पावसाळ्यांत गवत घोट्याएवढं झालं. पिल्लू लपवायचं कुठे? गुराख्यांच्या कुत्र्यांनी बरीच मारली. उरलेली गेली. भेकरसुद्धा आता ओरडत नाही."

"गुरांना सोडलं कुणी इथे?"

"बडोद्याचा कुणी साहेब. डोंगर बघायलाही आला नाही. आमचं म्हणणं आम्ही तलाटीकडून लिहून पाठवलं होतं. साहेबाने त्यावर लिहिलं, ही खुळी समजूत आहे, गवत वाया जातंय."

ते शब्द माझे होते. लिहिताना मला ते फार आवडले होते. आमच्या बडोद्यात तेव्हा सुधारणेचं वारं होतं. देवीच्या नावाने राखलेलं गवत मोडून काढलं, म्हणजे मी मोठा सुधारक, असं मला वाटलं. त्या देवीआड एका हरणीचं बाळंतपण सांभाळलं जातंय, हे ज्यांना कळत होतं त्यांनाच मी खुळे ठरवलं. बायको माझ्याकडे बघत होती, आणि मी धोतराला चिकटलेली कुसळं काढत होतो.

दुपारी सिंगाभाईने घरी जेवायला नेलं. ज्वारीचा रोटला, उडदाची डाळ, वर लसणाची चटणी. त्याच्या मुलीने शाळेच्या गुजराती पुस्तकातला धडा आम्हाला घडाघडा वाचून दाखवला. मी वाहवा केली. निघताना सिंगाभाई हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्ही डोंगर चढून आलात. पलीकडच्या डोंगरावर अजून दोन-तीन माद्या आहेत. तेवढा वाचवा." मी मान हलवली. मीच तो साहेब, हे तोंडातून निघालं नाही. त्याचा रोटला मात्र मी पोटभर खाल्ला होता.

परतीच्या गाडीत बायको म्हणाली, "सांगायचं होतंत."

"सांगून हरणं परत येणार आहेत का?"



बडोद्याला येऊन मी पिशवीतला तयार अभिप्राय फाडला आणि अर्जाला हरकत घेतली. अर्ज नामंजूर झाला, पलीकडचा डोंगर तूर्त वाचला. पण हरकतीचं कारण मी लिहिलं, "पाण्याची सोय अपुरी." सहा वर्षांपूर्वीचा माझा अभिप्राय चुकला होता, हे लिहायला हात धजला नाही. वरिष्ठांनी माझ्या काटेकोरपणाची तारीफ केली, आणि ती मी मान खाली घालून घेतली.

म्हणून हे सगळं इथे, नाव-गाव न लपवता, मासिकासाठी लिहून काढलं. वाटलं, निदान चार लोकांत कबूल केलं. काल रात्री बायकोला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "सिंगाभाईच्या मुलीला मराठी वाचता येतं?"

"नाही. गुजरातीच."

"म्हणूनच मराठीत लिहिलंत ना?"